वेस्ट पॉइंटचा सामना : कॅडेटच्या घरच्यांसाठी

आमचा मुलगा वेस्ट पॉइंट येथील अमेरिकन लष्करी अकादमीत पहिल्या वर्षाला, म्हणजे तिथल्या बोलीत ‘प्लीब’, आहे. गेल्या ऑक्टोबरमध्ये मी, माझे यजमान आणि साताऱ्याहून आलेले माझे वडील असे तिघेजण न्यू जर्सीतल्या एडिसनहून अकादमीच्या मिची स्टेडियमवर तिच्या ‘आर्मी’ संघाचा सामना पाहायला गेलो होतो. तिकीट अमेरिकन फुटबॉलचे काढायचे असले, तरी घरच्यांच्या दृष्टीने हा दिवस तीन भागांचा असतो : सकाळचे संचलन, दुपारचा सामना आणि त्यानंतर पदरात पडेल तेवढी मुलाची भेट. हा क्रम ध्यानात न घेता केवळ सामन्याच्या वेळेला पोहोचणाऱ्यांच्या हातून दिवसाचा सर्वांत चांगला भाग निसटतो, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

अकादमी न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला सुमारे ५० मैलांवर, हडसन नदीच्या पश्चिम काठावर आहे. पॅलिसेड्स पार्कवेने बेअर माउंटनपर्यंत आणि पुढे हायलंड फॉल्स गावातून जाणारी वाट ऑक्टोबरात पानांच्या रंगांनी पेटलेली असते, आणि नेमक्या त्याच कारणाने तिच्यावर सहलीला निघालेल्यांची गर्दीही असते. एरवी दीड तासात होणाऱ्या प्रवासाला आम्ही अडीच तास धरले होते आणि ते सगळे खर्ची पडले. ही लष्करी वसाहत असल्याने ओळखपत्राशिवाय आत जाता येत नाही. भारतातून आलेल्या आई-वडिलांना सोबत नेणार असाल, तर त्यांचा मूळ पासपोर्ट बरोबर ठेवावा, छायाप्रतीच्या भरवशावर राहू नये. स्टेडियममध्ये पारदर्शक पिशवीच चालते, हा नियम मी घरी वाचला होता आणि तरीही खांद्याला नेहमीची पर्स अडकवून निघाले. ती गाडीत ठेवून येण्यासाठी मला चढ पुन्हा उतरावा आणि चढावा लागला. चूक माझी होती, पण त्या चढाचा अंदाज या निमित्ताने नीट आला. स्टेडियम डोंगराच्या अंगावर आहे, वाहनतळ लांब-लांब आहेत आणि तिथून सुटणाऱ्या बसगाड्या असल्या, तरी थोडे चालणे चुकत नाही. गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी हे आधी लक्षात घ्यावे.

घरच्या मैदानावरच्या बऱ्याच सामन्यांच्या दिवशी ‘द प्लेन’ नावाच्या विस्तीर्ण हिरवळीवर कॅडेट्सचे संचलन होते. दुपारी बाराचा सामना असेल, तर ते सकाळी नऊच्या सुमारास असते. मात्र प्रत्येक सामन्याला ते होतेच असे नाही, म्हणून तारीख निवडतानाच वेळापत्रक पाहून घ्यावे. राखाडी कोट, छातीवर फुलीसारखे पांढरे पट्टे आणि डोक्यावर उंच काळी टोपी अशा वेशातल्या तुकड्या एकामागून एक मैदानात उतरू लागल्या, तेव्हा आपले मूल कोणते हे ओळखणे जवळजवळ अशक्य आहे, हे आमच्या ध्यानात आले. अकादमीत एकूण सुमारे ४,४०० कॅडेट्स आहेत. ते चार रेजिमेंट्स आणि छत्तीस कंपन्यांत विभागलेले असतात, आणि प्रत्येक कंपनीपुढे तिचे छोटे निशाण चालते. मुलाची कंपनी, त्याची रांग आणि रांगेतली त्याची जागा हे त्याच्याकडून आदल्या दिवशी विचारून घेतले असते, तर मी एका परक्याच मुलाचे अकरा फोटो काढले नसते.

माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आहेत. संचलन सुरू होताच ते खुर्ची सोडून उभे राहिले आणि शेवटची तुकडी निघून जाईपर्यंत बसले नाहीत. आमच्या शेजारच्या गृहस्थांनी त्यांना दोनदा बसायला सुचवले, पण आबांनी नुसती मान हलवली. शेवटी त्यांनी जो अभिप्राय दिला, तो पूर्णतः तांत्रिक होता : पावले एकसारखी पडतात, रांगेचे वळण सुरेख घेतात, पण हात आपल्याइतके वर जात नाहीत. पुण्याजवळ खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत त्यांनी एका नातलगाच्या मुलाचे दीक्षान्त संचलन खेत्रपाल मैदानावर पाहिले होते आणि त्या दिवसाशी ते सारखी तुलना करत होते. आपल्याकडे घरचे लोक मुख्यतः शिक्षण संपताना, त्या एका मोठ्या संचलनाला जमतात. इथे पहिल्या वर्षापासूनच शरद ऋतूत काही शनिवार घरच्यांना मैदानावर येता येते, ही व्यवस्था त्यांना मनापासून आवडली.

संचलन आणि सामना यांच्यामधल्या वेळात वाहनतळांवर ‘टेलगेट’ भरतो, म्हणजे गाडीच्या मागच्या दारापाशी मांडलेली पंगतच. पालकांची प्रांतवार मंडळे आहेत आणि नवख्या घरांनी आपापल्या मंडळात सामील व्हावे, हे उत्तम. कोणत्या दारातून शिरावे, मुलाला आत्ता कशाची गरज असते आणि काय विचारू नये, हे तिथल्या अनुभवी आयांनी अर्ध्या तासात जेवढे समजावले, तेवढे मला कोणत्याही माहितीपत्रकातून कळले नव्हते. दिवाळी जवळ असल्याने मी चकल्या, शंकरपाळे आणि बाकरवडी नेली होती. शाकाहारी मंडळींनी पोटभर डबा सोबत नेऊन इथेच जेवून घ्यावे, कारण स्टेडियममध्ये बर्गर आणि हॉट डॉग यांचेच राज्य असते.

मिची स्टेडियम १९२४ साली खुले झाले. समोर लस्क जलाशय, पलीकडे झाडीतून वर आलेला कॅडेट चॅपलचा दगडी मनोरा आणि त्यामागे डोंगर, असे दृश्य पश्चिमेकडच्या वरच्या रांगांमधून दिसते. जागेची निवड करायची असेल तर मी तिथली करीन. बहुतेक जागा पाठ नसलेल्या बाकांच्या आहेत, तेव्हा बसायला उशी आणि अंगावर घ्यायला शाल न्यावी. स्टेडियमला ज्याचे नाव आहे, त्या डेनिस मिची या कॅडेटने १८९० मध्ये अकादमीचा पहिला फुटबॉल संघ उभा केला. त्याच वर्षी नौदल अकादमीविरुद्धचा पहिला सामना वेस्ट पॉइंटलाच झाला आणि आर्मी तो ०–२४ असा हरली. पुढे १८९८ मध्ये क्यूबातल्या लढाईत मिची मारला गेला. हे मी आबांना सांगितले, तेव्हा त्यांनी फक्त वय विचारले. मी अठ्ठावीस म्हणाले. त्यानंतर बराच वेळ आम्ही दोघेही जलाशयाकडे पाहत बसलो.

खेळाविषयी थोडक्यात सांगते. चेंडू बहुतांशी हातात घेऊन पळायचे, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, टचडाउनचे, म्हणजे चेंडू प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेल्याचे, सहा गुण आणि त्यानंतरच्या किकचा एक, एवढे समजले तरी आजी-आजोबांना पुरते. आर्मीचा संघ चेंडू फेकण्यापेक्षा पळवण्यावर भर देतो, आणि मैदानाच्या आत पळताना घड्याळ बहुधा थांबत नाही. त्यामुळे इथले सामने पुष्कळदा इतर ठिकाणांपेक्षा लवकर आटोपतात. भेटीची वाट पाहणाऱ्या आईला या डावपेचाचे मोल वेगळे सांगायला नको. खेळाडूंकडे मात्र कनवाळूपणे पाहू नये. २०२४ मध्ये या संघाने अमेरिकन ॲथलेटिक कॉन्फरन्स या विद्यापीठ संघांच्या गटातल्या पहिल्याच हंगामात विजेतेपद पटकावले, आणि तो अंतिम सामना याच मैदानावर झाला होता.

सामन्याभोवतीचा थाट खेळाइतकाच पाहण्यासारखा असतो. हवामान अनुकूल असेल तर कॅडेट्सचे पॅराशूट पथक सामन्याचा चेंडू घेऊन आकाशातून थेट मैदानात उतरते. १८९९ पासून संघाचे चिन्ह असलेले खेचर कडेने मिरवते. आर्मीने गुण मिळवले की तोफ धडाडते आणि कॅडेट्स जोर काढतात. पहिल्या तोफेला आबा हसले, आणि माझ्या यजमानांच्या हातातली कॉफी सांडली. कॅडेट्स सबंध सामना उभ्यानेच पाहतात. आपला मुलगा त्या एकसारख्या गणवेशांच्या भिंतीत कुठेतरी आहे एवढेच आपल्याला ठाऊक असते, आणि दुर्बीण नेली तरी फारसा उपयोग होत नाही. त्याच्या शेजारी बसायला मिळेल या कल्पनेने कोणी तिकीट काढणार असेल, तर ती कल्पना सोडून द्यावी.

शेवटची शिटी वाजली की उठून वाहनतळाकडे धावू नये. खेळाडू कॅडेट्ससमोर येऊन उभे राहतात आणि सगळे मिळून अकादमीचे गीत म्हणतात. गीत संपताच ‘बीट नेव्ही’, म्हणजे ‘नौदल अकादमीला हरवा’, अशी एकच आरोळी उठते, प्रतिस्पर्धी त्या दिवशी कोणीही असो. ही पाच मिनिटे चुकवणाऱ्यांचे मला आश्चर्य वाटते.

आमच्या वाट्याला मुलगा एक तास दहा मिनिटे आला. पहिल्या वर्षाच्या कॅडेटला बाहेर जाण्याची मोकळीक फार मोजकी असते, म्हणून हॉटेलात जेवणाचे बेत न करता आम्ही गाडीपाशीच खुर्च्या मांडल्या होत्या. त्याने आधी आबांना वाकून नमस्कार केला आणि मग उभ्याउभ्याच डबा संपवायला घेतला. मी विचारलेल्या सात प्रश्नांपैकी दोनांची उत्तरे मिळाली. आबांनी एकच विचारले, की बूट चावतात का, आणि त्यावर मात्र तो दहा मिनिटे बोलत राहिला. उरलेल्या चकल्या त्याने खोलीतल्या सोबत्यांसाठी बांधून घेतल्या.

नोव्हेंबरच्या सामन्याची तिकिटे आम्ही काढली आहेत. यावेळी कंपनी, रांग आणि जागा कागदावर लिहून घेतली आहे, पर्स घरी राहणार आहे आणि चकल्यांचे पीठ दुप्पट भिजवायचे आहे.