माथेरान: नऊ महिन्यांत सात फेऱ्या झाल्या, आता सविस्तर सांगते

नोव्हेंबर २०२४ ते जुलै २०२५ मध्ये मी माथेरानला सात वेळा जाऊन आले. कारण साधं आहे, आम्ही बदलापूरला राहायला आलो आणि नेरळ लोकलने अगदी जवळ आलं. त्याआधी शाळेत असताना एकदा गेले होते तेव्हा एका दिवसात घोड्यावरून सोळा का अठरा पॉइंट केले होते आणि घरी आल्यावर त्यातला एकही आठवत नव्हता. या सात फेऱ्यांत कधी एकटी, कधी आईबरोबर, एकदा भाच्याला घेऊन, एकदा ऑफिसच्या ग्रुपबरोबर, आणि हिवाळा उन्हाळा पावसाळा तिन्ही बघून झालं, म्हणून आता लिहिते.

सगळ्यात आधी मुख्य गोष्ट. माथेरान हे पॉइंट मोजायचं गाव नाही, चालायचं गाव आहे. दस्तुरी नाका म्हणजे गावाबाहेरचा गाडीतळ, त्याच्या पुढे गाडी जात नाही, कोणाचीच, ॲम्ब्युलन्स आणि मोजक्या ई-रिक्षांसारखे अपवाद सोडले तर. २००३ साली केंद्र सरकारने हा भाग इको सेन्सिटिव्ह झोन जाहीर केला, पण गाड्या नसणं इथे त्याच्याही खूप आधीपासून आहे. आणि याचा परिणाम काय होतो ते पहिल्या रात्री कळतं. जेवण झाल्यावर लॉजच्या बाहेर उभी राहिले तर इतकी शांतता की लांब कुठेतरी घोड्याच्या टापा वाजतायत, झाडात काहीतरी सळसळतंय, एवढंच. हॉर्न नाही. बदलापूर स्टेशनच्या बाहेर रोज उभं राहणाऱ्या माणसाला याची किंमत काय ते सांगायला नको. त्यामुळे माझं पहिलं म्हणणं, एका दिवसात जाऊन येऊ नका. कमीत कमी एक रात्र राहा, आणि जमलं तर मंगळवार-बुधवार. मी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ऑफिसच्या ग्रुपबरोबर गेले होते, तेव्हा बाजारात चालायला जागा नव्हती, गावात नेणाऱ्या शटल ट्रेनच्या रांगेत दीड तास गेला आणि इको पॉइंटवर इतकी माणसं एकाच वेळी ओरडत होती की इको येऊन कुठे जाणार. तीच जागा फेब्रुवारीत एका बुधवारी सकाळी साडेसातला, मी एकटी. दोन वेगळी गावं वाटली मला.

आता जायचं कसं. नेरळला उतरलात की दोन रस्ते, शेअर टॅक्सी किंवा मिनी ट्रेन. टॅक्सी घाटातून दस्तुरीला सोडते, पाच सीट भरेपर्यंत थांबते, भरल्या की सुटते. मिनी ट्रेन म्हणजे दोन फुटी रुळांवरची छोटी गाडी, साधारण एकवीस किलोमीटरचा घाट वळणं घेत घेत चढायला अडीच-पावणेतीन तास घेते, जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज आणि मग माथेरान. वेळ वाचवायचा असेल तर ती घेऊ नका, पण एकदा तरी घ्याच असं मी म्हणेन. वाटेत एकच छोटा बोगदा लागतो, त्याला वन किस टनेल म्हणतात, नाव लक्षात येईपर्यंत संपतो. सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा घातला आणि त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन यांनी १९०१ ते १९०७ या काळात ही लाईन उभी केली. वर चढताना खिडकीतून खालची वळणं दिसली की वाटतं, त्या काळात हे कसं आखलं असेल, कारण काही ठिकाणी आपण थोड्या वेळापूर्वी गेलेला रूळ अगदी पायाखाली दिसतो. मी भाच्याला नोव्हेंबरमध्ये या गाडीनेच नेलं, तो नऊ वर्षांचा आहे, पहिला अर्धा तास उड्या मारत होता, मग तासभर कंटाळला, आणि पॅनोरमा पॉइंटच्या खाली गाडी दरीच्या कडेने वळायला लागली तसा परत खिडकीला चिकटला. सीट थोड्या असतात, नेरळला लवकर पोचा. पावसाळ्यात नेरळपासूनची गाडी बंद असते, फक्त अमन लॉज ते माथेरान शटल चालू असते, हे घरून निघायच्या आधी बघून घ्या.

दस्तुरीबद्दल जरा स्पष्ट लिहिते कारण नवीन माणूस इथेच फसतो. टॅक्सीतून उतरलात की घोडेवाले, हमाल, सगळे एकदम भोवती येतात. आम्हाला डिसेंबरमध्ये एकाने सांगितलं की शटल आज बंद आहे आणि गाव सहा किलोमीटर आहे. दोन्ही खोटं होतं. शटल चालू होती, अमन लॉज स्टेशन तिथून थोड्या मिनिटांवर, आणि बाजार चालत अडीच-तीन किलोमीटर, म्हणजे निवांत चाललं तरी पाऊण तास. सगळे असे नसतात हेही तितकंच खरं आहे, नंतरच्या फेरीत एका घोडेवाल्या काकांनीच मला म्हटलं की ताई तुम्ही एकट्या आहात, सामान कमी आहे, चालत जा, सावली आहे. गावातल्या लोकांनाही या फसवणुकीचा त्रास होतोच, मार्च २०२५ मध्ये यावरूनच माथेरान बंद ठेवलं होतं त्यांनी. तुम्ही फक्त एवढं करा, प्रवेश कर भरा, पावती घ्या, आणि थेट शटलच्या खिडकीकडे किंवा रुळाच्या बाजूने चालायला लागा. घोडा घ्यायचाच असेल तर कुठले पॉइंट आणि किती वेळ हे आधी ठरवून घ्या, मध्येच बदलायला लावू नका.

चालायचं कुठे, तर माझी आता दोन ठरलेली वळणं आहेत. पहिलं पश्चिमेचं. बाजारातून शार्लोट लेक, शेजारचं पिसारनाथाचं मंदिर, मग लॉर्ड्स पॉइंट, इको पॉइंट आणि लुईझा पॉइंट. शार्लोट लेक हा गावाच्या पिण्याच्या पाण्याचा तलाव आहे, त्यात उतरायचं नाही, पाय बुडवायचे नाहीत, आणि प्लास्टिक टाकणाऱ्यांचा तर मला मनापासून राग येतो. लुईझावरून समोर प्रबळगड दिसतो, सपाट माथ्याचा आडवा पसरलेला. संध्याकाळी पॉर्क्युपाइन पॉइंटला जा, त्यालाच सनसेट पॉइंट म्हणतात, सूर्य प्रबळगडाच्या बाजूला उतरतो. गर्दी असते पण ती गर्दीही सूर्य खाली जाताना गप्प होते, हे मी तीनदा बघितलं. टॉर्च मात्र न्या, परतीची वाट पूर्ण झाडीतून आहे आणि सूर्य गेला की दहा मिनिटांत मिट्ट अंधार होतो.

दुसरं वळण दक्षिणेचं, अलेक्झांडर, रामबाग, लिटल चौक, चौक आणि वन ट्री हिल. याला अख्खी सकाळ द्या. इथे माणसं कमी आणि जंगल दाट. वन ट्री हिलच्या बाजूने खाली जाणारी वाट म्हणजे शिवाजी शिडी, ट्रेकर लोक तिकडून चढतात, सवय नसेल तर उतरायला जाऊ नका, घसरडी आहे. खाली मोरबे धरणाचं पाणी दिसतं आणि इर्शाळगडाचा सुळका. जुलैत गेले तेव्हा धुकं दोन मिनिटं फाटलं आणि तो दिसला, आणि १९ जुलै २०२३ च्या रात्रीची इर्शाळवाडी आठवली, दरडीखाली गेलेली ती वाडी. मी बराच वेळ तिथेच उभी होते. आपण ज्या पावसाला फिरायला येतो तोच पाऊस खाली राहणाऱ्यांसाठी काय असतो हे त्या जागेवर फार जाणवतं.

पॅनोरमा पॉइंट उत्तरेच्या टोकाला आहे, बाजारापासून लांब पडतो. सूर्योदयासाठी जायचं तर पहाटे चारच्या सुमारास निघावं लागतं. मी एकदाच केलं, जानेवारीत, कडाक्याची थंडी होती, आणि खाली नेरळचे दिवे एक एक करून विझत होते आणि उल्हास नदीच्या खोऱ्यावर धुक्याची चादर. ते बघून झाल्यावर पाय दुखतायत हे कळलंसुद्धा नाही. बाकी मंकी पॉइंट, हार्ट पॉइंट वगैरे वाटेत लागले तर बघा, मुद्दाम जायची गरज मला वाटली नाही.

जंगलाबद्दल कोणी फारसं लिहित नाही म्हणून लिहिते. माथेरान म्हणजे माथ्यावरचं रान, आणि हे रान खरंच जपलंय. सकाळी सात ते नऊ मध्ये गप्प चाला आणि वर बघत राहा, शेकरू दिसतो. आपला राज्यप्राणी, तपकिरी लालसर पाठ, लांब झुबकेदार शेपटी, या झाडावरून त्या झाडावर अशी झेप घेतो की खाली उभ्या माणसाचा श्वास थांबतो. सात फेऱ्यांत मला चार वेळा दिसला, चारही वेळा एकटी किंवा दोघीच होतो तेव्हा. मार्चमध्ये अंजनीची झाडं निळ्या-जांभळ्या फुलांनी फांदीफांदीला लगडलेली असतात, मे महिन्यात करवंदं आणि जांभळं, आदिवासी बायका पानांच्या द्रोणात घेऊन बसतात, त्यांच्याकडून घ्या. माकडं मात्र सगळीकडे, हातात पिशवी दिसली की आलीच, खायचं सगळं सॅकमध्ये चेन लावून ठेवा.

आता आईबरोबरची फेरी, ही मुद्दाम जास्त लिहिते कारण खूप जणांच्या घरी हाच प्रश्न असतो. आईचं वय अडुसष्ट, दोन्ही गुडघे दुखतात. एप्रिलमध्ये नेलं. टॅक्सीने दस्तुरी, शटलने गाव, इथपर्यंत काही त्रास नाही. पुढे काय? घोड्यावर ती बसणार नाही. हातरिक्षा होती, पुढे एक माणूस ओढतो आणि मागून दोघं ढकलतात. आई जवळ गेली, त्या माणसाकडे बघितलं, आणि मला म्हणाली, नको गं, माझ्यासाठी कोणी असं ओढायचं नाही. ओढणाऱ्याचं घर त्याच्यावर चालतं हे मला कळत होतं आणि आईचं म्हणणंही कळत होतं, दोन्ही एकाच वेळी. ई-रिक्षा मोजक्याच होत्या आणि आम्हाला मिळाली नाही. मग आम्ही पेमास्टर पार्क आणि खंडाळा पॉइंट असे बाजाराजवळचे दोनच धरले, दोन दिवसांत दोन. आई खंडाळा पॉइंटवर सकाळी तासभर बसायची, मी चहा आणून द्यायची, तिने माहेरच्या अशा गोष्टी सांगितल्या ज्या मी चाळीस वर्षांत ऐकल्या नव्हत्या. ती अजून विचारते परत कधी जायचं. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने हातरिक्षा सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करायला आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा मिळतील अशी व्यवस्था करायला सांगितलंय, ते वाचून मला आणि आईला दोघींना फार बरं वाटलं. म्हाताऱ्या माणसांना नेत असाल तर लॉज बाजाराच्या अगदी जवळ घ्या, व्ह्यूच्या नादात लांबचा घेऊ नका, आणि सामान हमालाकडे द्या.

त्रासाच्या गोष्टी पण सांगते. मार्च ते मे लाल मातीची धूळ उडते, त्यात वाळलेली लीद मिसळलेली असते, दमा किंवा ॲलर्जी असेल तर मास्क हवाच. ती जांभ्याची माती पांढऱ्या कपड्यांवर बसली की निघत नाही. मुख्य रस्त्याला पेव्हर ब्लॉक आहेत पण आतल्या वाटांवर सुटे खडे, उतारावर गुळगुळीत तळाचे बूट घसरतात, माझे जुने स्पोर्ट्स शूज दुसऱ्या फेरीत बाद केले आणि खाचांचे ट्रेकिंगचे घेतले, तेव्हापासून एकदाही घसरले नाही. नेटवर्क मध्येच जातं मग यूपीआय अडकतं, थोडे पैसे रोख ठेवा. बऱ्याच पॉइंटवर कठडे अपुरे आहेत आणि दरी सरळ खाली आहे, लहान मुलांचा हात सोडू नका, फोटोसाठी कडेवर जाऊ नका.

पावसाळ्याबद्दल सगळे विचारतात. जुलैत व्ह्यू बघायला जात असाल तर निराश व्हाल, दोन दिवसांत मला लुईझावरून फक्त पांढरं दिसलं आणि छत्री पहिल्याच वाऱ्यात उलटी झाली. पण धुक्यात चालायला आवडत असेल तर यासारखं काही नाही, झाडांच्या खोडांवर शेवाळं, पायाखाली लाल पाणी वाहतंय, सगळीकडून पाण्याचे आवाज, आणि वाटेवर आपण एकटे. रेनकोट घ्या, दोन जोड मोजे जास्त घ्या, आणि नेरळच्या टॅक्सी अंधार पडल्यावर कमी होतात म्हणून परतीला चारच्या आत दस्तुरी गाठा.

पुढची फेरी गार्बट पॉइंटवरून भिवपुरीकडे पायी उतरायची आहे, पाऊस थांबून वाट सुकली की. तोपर्यंत कोणी त्या वाटेने अलीकडे उतरलं असेल तर खालच्या टप्प्यात वाट नीट दिसते का तेवढं कळवा.