तोतरेपणाची थेरपी, तीही रिसर्च करणाऱ्या मॅडमकडून

पोरगा साडेचार वर्षांचा, "म म म मला" असं अडकायचा म्हणून या स्पीच थेरपिस्ट मॅडमकडे गेलो. त्या तोतरेपणावर रिसर्च करतात, वर थेरपिस्टांच्या संघटनेत पदावर, त्यामुळे वाटलं ज्युनिअरच्या गळ्यात मारतील, पण नाही, स्वतः बसतात. लिडकम प्रोग्रॅम वापरतात, सिडनीत तयार झालेला, यात थेरपी खरी घरी आईबापच देतात. पोरगं न अडखळता बोललं की "वा, मस्त सरळ बोललास" म्हणायचं, तेही अधूनमधून, सारखं कौतुक केलं तर पोरं वैतागतात. आणि रोज 0 ते 9 मध्ये मार्क लिहायचे, 0 म्हणजे अजिबात अडखळणं नाही. सेशनला मॅडम आधी मला मार्क द्यायला लावतात मग स्वतःचे सांगतात.

पुरावा विचारला तर 2005 ची न्यूझीलंडमधली ट्रायल सांगितली, 54 मुलांची, आणि लगेच म्हणाल्या की संख्या लहानच आहे हं. हे जाम आवडलं, नाहीतर गॅरंटी देणारे पैशाला पासरी आहेत.

वैताग एकच, संघटनेच्या मीटिंगा आणि कॉन्फरन्सपायी अपॉइंटमेंट सारखी पुढे जाते, आणि रिसेप्शनवाले फोन उचलतील तर शप्पथ! चार स्टार.