‘प्रेरणा आणि भावना’ : मराठीतील ऑनलाइन व्याख्यानसंचाचे परीक्षण

एम.ए. मानसशास्त्र आणि सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेच्या विद्यार्थ्यांसाठी एका खासगी शिकवणी वर्गाने ‘प्रेरणा आणि भावना’ या घटकावरील ऑनलाइन व्याख्यानांचा संच मराठीतून उपलब्ध करून दिला आहे. दोन भागांचा हा संच मी पीडीएफ टिपणांसह आणि सराव प्रश्नांसह पूर्ण पाहिला. दोन्ही भागांचे शुल्क सारखे असले तरी दर्जा मात्र सारखा नाही. भावनांचा भाग शिकवणाऱ्या प्राध्यापिका कोणताही सिद्धांत ज्या प्रयोगावर उभा आहे तो प्रयोग आधी सांगतात, तर प्रेरणेचा भाग शिकवणारे प्राध्यापक आकृती दाखवून पुढे निघून जातात.

भावनांचा भाग विल्यम जेम्स यांच्या १८८४ च्या लेखापासून सुरू होतो. आपण घाबरतो म्हणून पळत नाही, तर पळतो म्हणून घाबरतो, हे जेम्स यांचे उलटे वाटणारे म्हणणे बाई घाईने खोडून काढत नाहीत. ते विद्यार्थ्याला पटू लागेपर्यंत त्या थांबतात आणि मगच शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांचे १९२७ मधील आक्षेप मांडतात. राग आणि भीती या दोन्हींत हृदयाचे ठोके वाढतातच, मग केवळ शरीरावरून भावना कशी ओळखायची, हा त्यांतला कळीचा आक्षेप.

या भागाचा कळस म्हणजे, शारीरिक उत्तेजना आणि तिला आपण लावलेला अर्थ यांतून भावना घडते का हे तपासणाऱ्या शॅक्टर आणि सिंगर यांच्या १९६२ च्या प्रयोगावरील व्याख्यान. जीवनसत्त्वाचा दृष्टीवर काय परिणाम होतो हे तपासायचे आहे, असे सांगून विद्यार्थ्यांना प्रत्यक्षात अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन देण्यात आले. छाती धडधडेल, हात थरथरतील, याची पूर्वकल्पना काहींना दिली, काहींना मुद्दाम चुकीची लक्षणे सांगितली, तर काहींना काहीच सांगितले नाही. त्यानंतर संशोधकांचाच एक साथीदार खोलीत येऊन कागदाचे बोळे टोपलीत फेकू लागतो, हूला हूप फिरवतो. दुसऱ्या प्रसंगात तो अपमानास्पद प्रश्नावलीवर चिडून ती फाडून टाकतो. धडधडीचे कारण ठाऊक नसलेल्यांवर त्याच्या वागण्याचा प्रभाव अधिक पडला, हा निष्कर्ष बहुतेक गाइडांमध्ये असतो. बाई मात्र एवढ्यावर थांबत नाहीत. ज्यांना औषधच दिले नव्हते त्या गटाशी तुलना केली असता फरक अपेक्षेइतका स्पष्ट नव्हता आणि मार्शल व झिंबार्डो यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुनर्प्रयोगात मूळ निष्कर्षाला दुजोरा मिळाला नाही, हेही त्या सांगतात. परीक्षेपुरते शिकवणाऱ्यांकडून इतका प्रामाणिकपणा सहसा पाहायला मिळत नाही.

चेहऱ्यावरील हावभावांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांच्या मूलभूत भावनांवरील व्याख्यानात त्या नाट्यशास्त्राचा उल्लेख करतात, पण बेताने. टिपणे तयार करणाऱ्याला मात्र हा बेत सांभाळता आलेला नाही. त्याने आठ स्थायिभाव आणि एकमन यांच्या सहा भावना शेजारी-शेजारी मांडून जोड्या लावल्या आहेत. क्रोध, भय, शोक, जुगुप्सा, विस्मय इथपर्यंत ठीक आहे, पण उत्साह आणि रती या दोघांनाही हासाबरोबर ‘आनंद’ या एकाच चौकटीत कोंबणे म्हणजे वीररसाची आणि शृंगाराची एकदमच बोळवण करणे होय.

आता प्रेरणेचा भाग. माणसाच्या गरजांची क्रमवारी मांडणाऱ्या मॅस्लो यांच्यावरील व्याख्यानात त्या गरजांचा रंगीत पिरॅमिड पडद्यावर येतो आणि खालची गरज पूर्ण झाल्याशिवाय वरची जागीच होत नाही, असे ठामपणे सांगितले जाते. मॅस्लो यांच्या १९४३ च्या मूळ लेखात पिरॅमिड नाही. उलट, सर्वसाधारण माणसाच्या शारीरिक गरजा ८५ टक्के, सुरक्षिततेच्या ७०, प्रेमाच्या ५०, आत्मसन्मानाच्या ४० आणि आत्मसिद्धीच्या १० टक्के भागत असतील, असे निव्वळ उदाहरणादाखल आकडे देऊन त्यांनी गरजा एकाच वेळी अंशतः भागत असतात असे म्हटले आहे. सरांचे म्हणणे खरे धरले तर १९८२ च्या संपात घरची चूल थंडावली असतानाही गेटवर जाणारा मुंबईचा गिरणी कामगार या पिरॅमिडच्या कोणत्या पायरीवर बसवायचा?

‘बक्षीस दिल्याने प्रेरणा कमी होते’ या एका वाक्यात मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांचे काम उरकले आहे, आणि ते वाक्यही तसेच्या तसे खरे नाही. डेसी यांच्या १९७१ च्या प्रयोगात सोमा ठोकळ्यांचे (तुकडे जुळवून आकार बनवण्याचे) कोडे सोडवण्यासाठी एका गटाला मधल्या सत्रात प्रत्येक उत्तरामागे एक डॉलर देण्यात आला. संशोधक काही मिनिटे खोलीबाहेर गेल्यावर, जवळ मासिके पडलेली असताना, कोण आपणहून कोड्याकडे वळते हे पाहणे हे या प्रयोगाचे खरे मर्म होते. पैसे थांबल्यावर त्या गटाची ओढ कमी झालेली दिसली. लेपर आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये बालवाडीतील मुलांवर केलेल्या प्रयोगात तर, आधी कबूल केलेल्या बक्षिसामुळे चित्र काढण्याची आवड घटली, पण अनपेक्षितपणे मिळालेल्या बक्षिसामुळे घटली नाही. हा भेद वगळला तर हाती फक्त एक घोषवाक्य उरते.

मॅक्लेलंड यांच्या संपादन प्रेरणेबाबतही, म्हणजे यश मिळवण्याच्या ओढीबाबतही, हेच. १९६०च्या दशकात त्यांनी काकीनाड्याच्या व्यावसायिकांना हैदराबादच्या संस्थेत प्रशिक्षण दिले होते. तेव्हाच्या आपल्या शेजारच्या राज्यातले हे उदाहरण असूनही त्याचा उल्लेखही नाही. ताण बेताचा असताना कामगिरी सर्वोत्तम होते असे दाखवणारा यर्क्स-डॉडसन यांचा आलेख परीक्षेच्या ताणासाठी दाखवला आहे, पण १९०८ मधला तो अभ्यास विजेचे झटके दिलेल्या उंदरांवरचा होता, हे सांगितलेले नाही. कामातील समाधानाची आणि असमाधानाची कारणे वेगवेगळी मानणाऱ्या हर्झबर्ग यांच्यावरचा भाग मात्र नेटका आहे.

आवाज आणि चित्रण स्वच्छ असून व्याख्याने मोबाइलवर विनासायास चालतात. सराव प्रश्नांची उत्तरसूची मात्र डोळे झाकून वापरू नये. शारीरिक बदल आणि भावना एकाच वेळी उद्भवतात असे मानणाऱ्या कॅनन-बार्ड सिद्धांतावरील एका प्रश्नाला, शरीर आधी आणि भावना नंतर असे मानणाऱ्या जेम्स-लांगे यांचे उत्तर बरोबर धरले आहे. वर्गाला ते कळवल्यावर नम्र उत्तर लगेच आले, पण सूचीत अद्याप बदल झालेला नाही.

दोन्ही भाग स्वतंत्रपणेही विकत मिळतात. भावनांचा भाग अवश्य घ्यावा. प्रेरणेच्या भागाचे पैसे तूर्त वाचवून तो घटक विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून वाचावा. हाही भाग बाईंकडूनच नव्याने ध्वनिमुद्रित करून घेतला, तर पूर्ण संचाची शिफारस करण्यास मला अडचण वाटणार नाही.