‘एक्का-दुर्री असेल तर खेळा’: ओमाहा हाय-लोमधला हा नियम काही महिने वापरल्यावर

ओमाहा हाय-लो हा पोकरचा प्रकार: हातात चार पानं, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच (बोर्ड), हातातली दोन आणि बोर्डावरची तीन घेऊन हात बनवायचा, आणि पॉट (जमलेले चिप्स) सर्वांत मोठा हात (हाय) आणि सर्वांत लहान हात (लो) यांच्यात निम्मा-निम्मा. तो शिकायला बसलं की पहिला सल्ला हाच मिळतो: चार पानांत एक्का आणि दुर्री असेल तर खेळा, नसेल तर टाका. काही महिने हाच नियम लावून खेळल्यावर मत असं झालंय की नवख्याचे चिप्स टिकवायला तो उत्तम आहे. ते वाढवायला मात्र अपुरा आहे.

आधी चांगली बाजू. चार पानांत किमान एक एक्का आणि एक दुर्री येण्याची शक्यता 6.4 टक्के, म्हणजे साधारण सोळा हातांत एकदा. चार पानांतून दोन-दोनच्या सहा जोड्या होतात, त्यामुळे ‘काहीतरी लागेलच’ म्हणून प्रत्येक फ्लॉप (बोर्डाची पहिली तीन पानं) बघणारे लोक या खेळात भरपूर असतात. हा नियम त्या सवयीला लगाम घालतो. नव्या माणसासाठी एवढंही पुष्कळ आहे.

खटकतं ते पुढे. समजा हात एक्का-दुर्री-राजा-राणी असा आहे. रिव्हरपर्यंत (बोर्डाचं पाचवं पान) थांबलं तर लो, म्हणजे अठ्ठी किंवा त्याहून लहान पाच वेगळी पानं (एक्का सर्वांत लहान), बनतो 36.5 टक्के वेळा. पण बोर्डावर एक्का किंवा दुर्री न पडता, म्हणजे हातातली दोन्ही पानं शाबूत राहून लो बनतो फक्त 24 टक्के वेळा. ज्याला सगळे ‘पक्का लो’ म्हणतात तो चारातून एकदाही पुरता हाती लागत नाही.

पानं मरतात कशी ते एका हातात बघा. हातात इस्पिक एक्का, चौकट दुर्री, बदाम राणी, किलवर नव्वी. फ्लॉप चव्वी-सत्ती-राजा. सगळं छान वाटतंय, कॉल केला (समोरच्याएवढे चिप्स लावले). टर्नला (बोर्डाचं चौथं पान) दुर्री पडली. आता हातातली दुर्री मेली. हातातून बरोबर दोन पानं घ्यावीच लागतात, राणी-नव्वी लोमध्ये चालत नाहीत आणि एक्का-दुर्री घेऊन एक्का, दुर्री, चव्वी, सत्ती एवढीच चार वेगळी पानं होतात. लो अजून झालेलाच नाही! समोर एक्का-तिर्रीवाला मात्र सत्तीचा नट (सर्वोत्तम शक्य) लो घेऊन बसलाय. याच हातात नव्वीच्या जागी तिर्री असती तर तो नट लो आपला होता. तिसरं लहान पान हा या खेळातला विमा आहे, आणि मूळ नियमात त्याचा उल्लेखही नाही.

दुसरं दुखणं पाव पॉटचं. आपल्याकडे एक्का-दुर्री आणि दोन मोठी पानं असताना नऊ जणांच्या टेबलवर आणखी कुणाकडे तरी एक्का-दुर्री असण्याची शक्यता 32 टक्क्यांच्या आसपास आहे. तिघांनी प्रत्येकी 300 चिप्स घातले, पॉट 900. लोचा अर्धा 450, तो दोघांत वाटला की हाती 225. नट लो दाखवूनही 75 गेले. चौघे असतील तर बरोबरीत सुटका, पाचवा असेल तरच फायदा. म्हणून समोर दोघेच उरलेत, हायचा पत्ता नाही आणि नुसता लो हातात आहे, अशा वेळी रेझवर रेझ करणं (पैज वाढवत नेणं) म्हणजे स्वतःच्याच खिशात हात घालणं.

त्यामुळे आता नियम जरा बदलून वापरावासा वाटतो: हात अख्खा पॉट उचलू शकतो का, हे आधी बघायचं. एक्क्याच्या रंगाचं दुसरं पान हातात आहे का? असेल तर फ्लशमध्ये (एकाच रंगाची पाच पानं) नट आपला. तिसरं लहान पान आहे का? एक्का-एक्का-दुर्री-तिर्री, तेही दोन-दोन पानं एकेका रंगाची, हा सर्वोत्तम हात. एक्का-दुर्री-राजा-राजा, एक्का रंगात, हाही कुठूनही खेळण्यासारखा. एक्का-दुर्री-नव्वी-सत्ती, चारही रंग वेगळे, हा मात्र सुरुवातीच्या जागेवरून (जिथून आधी खेळावं लागतं) सरळ टाकावा. नियम तो खेळायला लावतो, तिथेच तो चुकतो.

उलट काही हात तो उगाच फेकायला लावतो. राजा-राणी-गुलाम-दश्शी दोन रंगांत हे ठळक उदाहरण. कोणतीही माहिती नसताना बोर्डावर लो शक्य होण्याचं प्रमाण 60 टक्के, म्हणजे उरलेल्या 40 टक्क्यांत लो नाहीच आणि हायवाला सगळं नेतो. अट एकच: फ्लॉपवर दोन लहान पानं आली आणि आपल्याला जबरदस्त काही लागलेलं नसेल, तर मोह न धरता सोडायचं. एक्का-तिर्री-चव्वी रंगात असेल तर तोही घ्यावा, फक्त बोर्डावर दुर्री नसेल तर आपला लो फार तर दुसऱ्या नंबरचा, हे डोक्यात ठेवून. दुर्री-तिर्री-चव्वी-पंजी दिसायला देखणा हात, पण फ्लॉपवर एक्का नसेल तर तो बहुतेक वेळा कागदच.

मधली पानं, छक्की ते नव्वी, यांना हात लावू नका. त्यांचे स्ट्रेट (ओळीने पाच पानं) बहुतेक लहान पानांच्या बोर्डावर होतात, मग जिंकलं तरी अर्धाच पॉट, आणि वर मोठा स्ट्रेट बसला तर तोही गेला. नव्वी सर्वांत वाईट: लोला चालत नाही, हायला पुरत नाही. एकाच रंगाची चार पानं किंवा एकाच नंबरची तीन हीदेखील नुकसानीचीच, कारण वापरायची दोनच आणि उरलेली आपल्याच हातात अडकलेली.

फ्लॉपवर एकच लहान पान आलं तर सोडा. एक्का-दुर्री-राजा-राणीला तिथून लो मिळण्याची शक्यता 16 टक्के, तीही अर्ध्या पॉटसाठी. दोन लहान पानं आली तर 59 टक्के, तिथे थांबणं रास्त.

मूळ नियम जसाच्या तसा चालतो तो फिक्स्ड-लिमिटच्या (पैजेची रक्कम ठरलेली असते अशा) सैल टेबलवर, जिथे पाच-सहा जण फ्लॉप बघतात. तिथेही नुसत्या एक्का-दुर्रीवर फ्लॉपआधी रेझ करू नका, कॉल करा. रेझ केला की तेच लोक पळतात ज्यांच्या चिप्सवर हा हात जगतो.