यूएसबी मायक्रोस्कोप: एररच्या नाण्यांसाठी घ्यावा का?

खोक्यावर ‘1000 पट’ छापलेलं असतं, त्याकडे सरळ दुर्लक्ष करा. एरर, म्हणजे टांकसाळीत नाणं बनतानाच झालेली चूक, ओळखायला 10 ते 40 पट भरपूर झालं. त्यापुढे चित्र नुसतं धूसर होतं आणि वापरात पडलेला साधा ओरखडाही ‘दुर्मिळ एरर’ वाटायला लागतो. मला लोक जे फोटो पाठवतात, त्यांतले निम्मे असलेच.

कमी पटीत चित्र मात्र स्वच्छ येतं, हे मान्य. अडचण आहे ती भिंगाभोवतीच्या एलईडींची. चारी बाजूंनी सारखा उजेड पडला की सावलीच उरत नाही, आणि आपला सगळा निवाडा तर सावलीवर. डायला, म्हणजे नाण्यावर ठसा उमटवणाऱ्या साच्याला, तडा गेला असेल तर ठोकताना धातू त्या फटीत शिरतो, म्हणून नाण्यावर उंच रेघ उमटते. ओरखडा खोल असतो आणि त्याच्या काठावर सरकलेल्या धातूची बारीक कड उभी राहते. मी एलईडी बंद करून टेबललॅम्प अगदी आडवा धरतो आणि नाणं हळूहळू फिरवतो. उजेड कुठून येतोय ते ध्यानात ठेवायचं, नाहीतर स्क्रीनवर खड्डाही उंचवट्यासारखा दिसतो.

दुहेरी अक्षरांसाठी हे यंत्र खरंच कामाचं. 1955 च्या काही अमेरिकी लिंकन सेंटवरचं दुहेरीपण नुसत्या डोळ्यांनाही दिसतं, पण बाकीची प्रकरणं इतकी सोपी नसतात. मुळात डायवरच ठसा दुहेरी असेल तर दोन्ही ठसे गोलसर, भरीव असतात आणि अक्षरांची टोकं दुभंगलेली दिसतात. ठोकताना डाय हलला असेल तर अक्षराच्या कडेला चपटी पायरी तयार होते आणि मूळ अक्षर उलट बारीक होतं. हा दुसरा प्रकार टांकसाळीतलाच, पण संग्राहक त्याला फारसा भाव देत नाहीत.

आता जे यात दिसत नाही ते. कड चंद्रकोरीसारखी कापलेली असेल तर मायक्रोस्कोप बाजूला ठेवा आणि अख्खं नाणं बघा. ठोकण्याआधीची कोरी चकतीच तशी कापली गेली असेल, तर बरोबर समोरच्या बाजूची कड बहुधा दबलेली, अर्धवट असते. समोरची कड ठणठणीत असेल तर कुणीतरी कानस चालवल्याचा दाट संशय घ्यावा. ॲसिडात बुडवून पातळ केलेलं नाणं पकडायला तर 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटाच लागतो.

म्हणून आधी 10 पटीचं चांगलं भिंग आणि काटा घ्या. फोटो काढून दुसऱ्यांना दाखवायचे असतील, तरच हा मायक्रोस्कोप. सोबतचा स्टँड मात्र बेकार आहे. फोकसच्या चाकाला बोट लावलं की नाणं चौकटीबाहेर. जड बुडाचा स्टँड वेगळा घ्यावाच लागतो.