‘नो बूटेबल डिव्हाइस’ आलं आणि माझे १७,९९९ रुपये गेले

मी सांगलीत छोट्या व्यापाऱ्यांचं टॅली आणि जीएसटीचं काम बघतो. १८ मार्चला सकाळी लॅपटॉप चालू केला तर काळ्या स्क्रीनवर ‘नो बूटेबल डिव्हाइस’, म्हणजे ज्यावरून विंडोज चालू होते ती डिस्कच सापडत नाही. २० तारखेला जीएसटीचे ३बी रिटर्न भरायचे आणि ११ पार्ट्या बाकी. हे आधीच सांगतोय कारण घरचे-दारचे सगळे एकच विचारतात, तुझं पोट कॉम्प्युटरवर चालतं, तू कसा फसलास? दोन दिवस हातात असताना त्या स्क्रीनसमोर बसा आणि मग बोला. नेहमीचा रिपेअरवाला बेळगावला लग्नाला गेलेला, फोन उचलेना. शेवटी लॅपटॉपच्या कंपनीचं नाव आणि सर्व्हिस सेंटर असं सर्च केलं आणि जो नंबर पहिला आला तो लावला. तो कंपनीचा नव्हताच, हे तुम्हाला आत्ताच कळलं असेल, मला सहा दिवसांनी कळलं.

तासाभरात पोरगा घरी हजर. लोगोवाला टी-शर्ट, गळ्यात आयकार्ड, बोलणं एकदम अदबीचं. व्हिजिट चार्ज ४९९, यूपीआय केलं.

आता ती दोन मिनिटं ऐका, जिथे मी फसलो. त्याने लॅपटॉप चालू केला, उचलून कानाला लावला आणि म्हणाला, ‘सर, हार्ड डिस्क वाजतेय, हेड गेलंय, लॅबला न्यावं लागेल.’ अहो, माझ्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क नाहीच! २०२२ मध्ये मी स्वतः ३,६५० रुपये मोजून ५१२ जीबीची एसएसडी घालून घेतलीय, तिच्या स्टिकरवर निळ्या मार्करने तारीख लिहिलीय. हार्ड डिस्कमध्ये फिरणारी तबकडी आणि ती वाचणारं हेड असतं, एसएसडीत नुसत्या चिपा असतात, फिरणारं काही नसतंच, हेड कुठलं आणि ती वाजणार कशी? हे मला माहीत होतं. आणि त्याच सकाळी एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या स्क्रीनवर, बघितलं होतं तेव्हा एसएसडीचं नाव समोर यादीत दिसत होतं, म्हणजे डिस्क जिवंत होती. तरी मी ‘बरं’ म्हणलं. डोक्यात फक्त २० तारीख होती. रोज रात्री तो कानाला लावलेला लॅपटॉप डोळ्यासमोर येतो.

मग म्हणाला रिस्टोअर करायला बॅकअपची डिस्क पण द्या. दिली. १ टीबीची डिस्क, महिन्याला लॅपटॉपच्या अख्ख्या डिस्कची कॉपी, म्हणजे इमेज, काढून ठेवायचो त्यावर. लॅब ॲडव्हान्स ४,५००. दुसऱ्या दिवशी फोन, बॅकअपची डिस्क पण करप्ट आहे, दोन्हींचा डेटा काढायचे ९,८००. २४ ला लॅपटॉप आला तेव्हा विंडोज आणि डिलिव्हरीचे ३,२००. एकूण १७,९९९. विंडोज कोरी, बॅकअपची डिस्क पण कोरी, आणि वर ‘डेटा रिकव्हर झाला नाही सर, आम्ही खूप ट्राय केलं.’ बॅकअपची डिस्क दुसऱ्याच्या हातात देऊ नका, कुणी कितीही साहेब-साहेब करू दे.

नशीब म्हणा, दिवाळीत एक इमेज जुन्या डिस्कवर कॉपी करून कपाटात टाकली होती. त्या रात्री पेनड्राइव्हवरून लॅपटॉप चालू करून विंडोजची सिस्टिम इमेज रिकव्हरी लावली, तर सारखं तेच, रिस्टोअर करायला योग्य डिस्क सापडत नाही. तीनदा केलं. मग लक्षात आलं, इमेज ज्या डिस्कची असते तिच्याएवढी किंवा मोठी डिस्क लागते, लहान चालत नाही. मागचं झाकण उघडलं. आत २५६ जीबीची कुठलीतरी एसएसडी, आणि स्टिकरवर निळा मार्कर नाही. हात थरथरत होते माझे. माझी डिस्क काढून घेतली होती हो, त्यात ११ पार्ट्यांचे पॅन, आधार, बँक स्टेटमेंट, सगळं. डिस्क लॉक करणारा विंडोजचा बिटलॉकर चालू नव्हता, म्हणजे कुणीही उघडून वाचू शकतो. पासवर्ड बदलले आणि प्रत्येकाला फोन करून सांगितलं, ती लाज वेगळीच.

दिवाळीपर्यंतचा टॅली डेटा त्या इमेजमधून मिळाला. पूर्ण रिस्टोअर झालं नाही तरी इमेजच्या फोल्डरमधली व्हीएचडीएक्स फाइल दुसऱ्या विंडोजवर डबल क्लिक केली की ड्राइव्हसारखी उघडते, हे लक्षात ठेवा, माझं काम यानेच वाचलं. पुढची एंट्री दोन रात्री बसून केली, रिटर्न २६ ला भरले. लेट फी दिवसाला ५०, सहा दिवस, ११ पार्ट्या, ३,३०० रुपये माझ्या खिशातून, कारण चूक त्यांची नव्हती.

आणि ऐका, एप्रिलमध्ये परत तोच ‘नो बूटेबल डिव्हाइस’. तोवर आपला रिपेअरवाला आला होता. मदरबोर्डचा सेल उतरलेला, त्यामुळे बायोसचं सेटिंग उडून बूट मोड, म्हणजे चालू व्हायची पद्धत, नव्या यूईएफआयची जुनी लेगसी होत होती, म्हणून डिस्क असूनही लॅपटॉपला सापडत नव्हती. तारीखही मागची दाखवत होता. सेलचे आणि मजुरीचे मिळून २५० घेतले त्याने.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस स्टेशनला पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी ‘लॅपटॉप तुम्हीच हाताने दिलात ना, मग चोरी कसली?’ मी म्हणलं चोरी नाही तर फसवणूक घ्या, न्याय संहितेचं ३१८ कलम आहे, तर ‘वकील आहात का?’ एसएसडीच्या जुन्या बिलावर सिरीयल नंबर आहे, तो दाखवला, बघितला सुद्धा नाही. दिवाणी मामला आहे म्हणे, पक्कं बिल आणा म्हणे. अहो, फसवणारा पक्कं बिल देतो का? चार हेलपाट्यांनंतर साधा अर्ज घेतला, एफआयआर नाहीच. बँक म्हणते पैसे तुम्हीच पाठवलेत. कंपनीवाले म्हणतात ते सेंटर आमचं नाही, आणि तक्रार बंद केल्याचा मेसेज. त्यांचं नाव लावून लोक घरात शिरतायत, त्यांना काही वाटत नाही? सगळ्यांचं बोट माझ्याकडेच. लुटलं कुणी आणि जाब कुणाला!

पैसे गेल्या गेल्या १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, माझ्यासारखे सहा दिवस घालवू नका. सर्व्हिस सेंटरचा नंबर कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. लॅपटॉप देण्याआधी झाकण उघडून डिस्कचा आणि रॅमचा फोटो काढा, सिरीयल नंबर दिसेल असा. विंडोज टाकायचा ८ जीबीचा पेनड्राइव्ह, लॅपटॉप चालू आहे तोवर, आजच करून ठेवा, बंद पडल्यावर दुसऱ्याचा मागत फिरावं लागतं.

सांगली-मिरज-कोल्हापूरकडे कुणी सेकंडहँड ५१२ ची एसएसडी घेतली असेल तर स्टिकर बघा. निळ्या मार्करने १२/८/२२ लिहिलं असेल तर ती माझी आहे, मला कळवा, पैसे देऊन घेतो.