सायलेन्सरचे नट गंजलेत म्हणाला, आणि मी 34,000 पाठवले

एकूण 35,850 रुपये. आकडा आधीच लिहून टाकतो, शेवटी लिहीन म्हटलं तर लाजेने राहून जाईल. मशीनचे 34,000, ट्रान्सपोर्टचे 780, आणि मशीन हातात यायच्या आधीच उतावीळपणे मागवून ठेवलेलं कार्बोरेटरचं डायफ्रॅम किट 650 आणि क्रँकचे दोन ऑइल सील 420.

मशीन म्हणजे स्टिल 070, झाडं कापायची जर्मन कंपनीची पेट्रोलवरची चेन-सॉ. मोठ्या ओंडक्यांचं काम करणाऱ्याला याची ओळख करून द्यायला नको. स्टिलच्याच 1959 च्या कॉन्ट्रा मॉडेलच्या घराण्यातलं, 58 मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास), 40 चा स्ट्रोक (पिस्टनची चाल), 106 सीसी, पट्टी-चेन सोडून दहा किलोच्या वर वजन. फेरे कमी, पण फणसाच्या बुंध्यात पट्टी पुरी बुडाली तरी दम सोडत नाही. चीनमधून याच्या कॉप्या येतात, त्याही सगळ्यांना ठाऊक आहेत. कॉपी कॉपी म्हणून विकली तर माझं काही म्हणणं नाही. इथे कॉपीच्या इंजिनावर अस्सल जर्मन स्टार्टर कव्हर, अस्सल पुढचा दांडा आणि घासून जुना केलेला बिल्ला चढवला होता. भाग एकमेकांना बसतात, त्यामुळे हे काम अर्ध्या तासाचं आहे.

विकणाऱ्याने जाहिरातीत लिहिलं होतं, "वखारीतलं पॉइंटवालं जुनं मशीन, वेस्ट जर्मनी, इंजिन कधी उघडलेलं नाही." (पॉइंट म्हणजे ठिणगी पाडण्यासाठी उघडझाप करणारे जुन्या पद्धतीचे संपर्क.) मागणी 38,500 ची, ठरले 34,000. त्यातले 4,000 आधी, 30,000 बिल्टीचा फोटो आल्यावर.

आता तो क्षण, जो आठवला की अजून कानशिलं तापतात. मी बरोबर प्रश्न विचारला होता! सायलेन्सर काढा, एक्झॉस्ट पोर्टमधून, म्हणजे धूर बाहेर पडायच्या भोकातून, पिस्टनचा फोटो पाठवा. जुनं टू-स्ट्रोक घेताना यापेक्षा मोठी परीक्षा नाही. दोन नट, पाच मिनिटं. पिस्टन वर-खाली करून बॅटरीच्या उजेडात स्कर्ट, म्हणजे पिस्टनची बाजू, पाहायची. उभे ओरखडे दिसले तर मशीन कधीतरी पकडलेलं, म्हणजे पिस्टन आत जाम झालेला आहे. ओरखडे फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर बहुधा पेट्रोल कमी पडून तापलेलं, म्हणजे कार्बोरेटर तरी खराब किंवा सील हवा खातंय. इनटेकच्या बाजूलाही असतील तर फिल्टरमधून धूळ आत गेली असण्याची शक्यता जास्त.

तो म्हणाला, "साहेब, नट गंजलेत. जोर लावला तर स्टड तुटेल, मग तुम्हीच म्हणाल मशीन मोडकं दिलं."

पटलं. जुन्या मशीनचे सायलेन्सरचे स्टड तुटतात, हे खरंच आहे. पण त्याच संध्याकाळी त्याने पाठवलेल्या फोटोत ते दोन्ही नट दिसत होते. झिंकचे, कोरे, चकाकणारे. पाना नुकताच फिरल्याच्या खुणांसकट. मी तो फोटो मोठा करून पाहिला होता, बिल्ल्यासाठी. बोटभर अंतरावरचे नट डोळ्यांपुढून गेले आणि मी पैसे पाठवले.

मी अडाणी नाही, हे सांगणं आता हास्यास्पद वाटेल, पण सांगतो. त्याने चालू मशीनचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ दिला. निळा धूर जास्त होता. विचारलं, तर म्हणाला, "आम्ही साधं ऑइल 1:25 ने घालतो." म्हणजे लिटरला 40 मिली, आणि साध्या ऑइलला जुनं प्रमाण तेच आहे, मग धूर येणारच. कॉम्प्रेशन गेजवर (सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर) 150 पीएसआय दाखवलं. इतकी उत्तरं बरोबर आल्यावर माणूस किती संशय घेणार? भामटा अडाणी असेल ही माझी समजूत चुकली. त्याला मशीन माझ्याइतकंच कळत होतं.

व्हिडिओतलं मशीन आधीच गरम होतं, पहिल्याच ओढीत सुरू झालं. थंड मशीनची पहिली ओढ मागा. सायलेन्सरला हात लावून दाखव म्हणा, कॅमेरा बंद न करता.

मशीन आलं. गेज लावला, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून काटा थांबेपर्यंत रस्सी ओढली. 85. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून पुन्हा ओढलं, 135. म्हणजे रिंग किंवा बोअर गेलेला, आणि त्याचे 150 हे ऑइलचे 150. निळा धूरही त्याचाच. अशा मशीनला 100 च्या खाली गेलं की गरम झाल्यावर सुरू व्हायची मारामार. गेजचा व्हिडिओ कोणी पाठवला तर सलग मागा, प्लग काढण्यापासून काटा थांबेपर्यंत.

मग उघडलं. त्या "गंजलेल्या" नटांना पाना लावला तर हाताच्या जोरावर सुटले.

बोअरच्या आतला, एक्झॉस्ट पोर्टच्या कडेचा क्रोमचा थर पापुद्र्यासारखा उडालेला. नुसतं पिस्टनचं ॲल्युमिनियम बोअरला चिकटलेलं असेल तर म्युरिॲटिक ॲसिड कापसाच्या बोळ्याने जपून लावून ते काढता येतं, पण ॲसिड फार वेळ राहिलं तर खालच्या क्रोमलाही खातं (उघड्यावर, हातमोजे घालून, आणि पोर्टच्या कडेला ॲसिड लागू न देता). आणि क्रोमच उडाला की ॲसिड खालचं ॲल्युमिनियम खातं. तो सिलिंडर संपला. जर्मन सिलिंडरवर माले किंवा केएस ही ओतीव खूण शोधावी, यावर काहीच नव्हतं. मॅग्नेट काढला तर खाली पॉइंट नाहीत, पॉइंटची जागासुद्धा नाही, बाहेर इलेक्ट्रॉनिक कॉइल. उशिराच्या अस्सल मशीनलाही इलेक्ट्रॉनिक इग्निशन असतं, म्हणून तेवढ्यावरून कॉपी ठरत नाही. पण हा "पॉइंटवालं" म्हणून विकत होता! पॉइंटवालं म्हणणाऱ्याकडून पॉइंटचा फोटो घ्या. गॅप 0.4 मिलिमीटरच्या आसपास ठेवतात, फीलर गेज लावून दाखव म्हणा. ज्याने मशीन खरंच सांभाळलंय त्याला यात जड काही नाही.

चेन ऑइलच्या टाकीखाली क्रँककेसला तडा, त्यावर एम-सील, त्यावर राखाडी स्प्रे. स्प्रे स्क्रूंच्या खाचांत आणि गॅस्केटच्या कडेवरही चढलेला. रंग स्क्रूवर दिसला की मशीन जोडून झाल्यावर मारलाय, आणि काहीतरी झाकायला मारलाय असं धरून चाला. नंबर हाताने एकेक आकडा ठोकलेला, 7 तिरका.

चेन .404 इंच पिचची, ती फिरवणारा स्प्रॉकेट 3/8 इंचाचा, म्हणजे दोन्ही एकमेकांना बसतच नाहीत. हे घरबसल्या कळलं असतं: लागोपाठ तीन रिव्हेटांचं मध्यापासून मध्यापर्यंत अंतर मोजायचं, त्याचं निम्मं म्हणजे पिच. .404 ला तीन रिव्हेटांत साधारण 20.5 मिलिमीटर येतात. स्केल ठेवून फोटो मागवला असता तर काम झालं असतं. मागितला नाही.

आता पुढची मजा. फोन बंद. बँकेत गेलो, तर पैसे तुम्हीच पाठवलेत, पिन तुम्हीच टाकलात. सायबर हेल्पलाइनला, म्हणजे 1930 ला, सहाव्या दिवशी फोन केला. ही माझी दुसरी चूक. पैसे पुढे सरकायच्या आत, पहिल्या काही तासांतच करायचा असतो. मी मात्र पहिले दोन दिवस कार्बोरेटर साफ करत बसलो होतो, दोष आपल्याच हाताचा असेल म्हणून. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: "करवत कशाला हवी होती? झाडं तोडायची परवानगी आहे का?" मी फसवणुकीची तक्रार द्यायला आलोय आणि माझीच चौकशी! दुसरा प्रश्न: "वस्तू मिळाली ना?" मिळाली. "मग फसवणूक कसली? हा व्यवहाराचा वाद, दिवाणी आहे." एक वस्तू सांगून दुसरी देणं आणि त्यावर पैसे घेणं हे भारतीय न्याय संहितेच्या 318 मध्ये बसतं, हे मी सांगायचं? सांगितलं. उत्तर मिळालं, "विक्रेता ज्या हद्दीत, तिथे जा." शून्य क्रमांकाने (झिरो एफआयआर) गुन्हा कुठेही नोंदवता येतो, हेही सांगितलं. मग साहेब जेवायला गेले. तीन खेपांनंतर अर्ज घेतला, पोच दिली, गुन्हा नोंदवला नाही. बिल्टीवर पाठवणाऱ्याचं अर्धंच नाव. पूर्ण पत्ता ट्रान्सपोर्टवाला पोलिसांच्या पत्राशिवाय देणार नाही, आणि पोलीस पत्त्याशिवाय पत्र देणार नाहीत. या दोन खुर्च्यांमध्ये माझी फाइल अकरा आठवडे झुलते आहे.

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही आणि आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पण समोरच्याचा पत्ता लागतोच, आणि तो विक्रीचा धंदा करतो हेही दाखवावं लागतं. म्हणून जाहिरातींचे स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा, पैसे गेल्यावर जाहिरात राहत नाही. बिल्टीवर पूर्ण नाव-पत्ता नसेल तर उरलेली रक्कम सोडूच नका. शक्य असेल तर जा, गेज खिशात घेऊन जा. एसटीचं भाडं 34,000 नाही.

डायफ्रॅम किट आणि सील परत घेतले नाहीत, पाकीट फोडलं होतं. मशीनचा हिशेब असा: क्रँककेस भंगार, सिलिंडर-पिस्टन भंगार, चेन दुसऱ्या मशीनला चालेल, 5.5 च्या गोल कानशीने धार लावून ठेवली आहे. दांडा आणि स्टार्टर कव्हर अस्सल. कव्हरसाठी आतापर्यंत दोघांनी विचारलं, एकाने 3,000 सांगितले. बाकीच्या मशीनचा फोटो मागितला तर दोघांनीही पाठवला नाही. कव्हर दिलेलं नाही.